पहिला अनुभवी डेव्हलपर नेमताना: जाहिरातीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत

छोट्या टीमला पहिल्यांदाच अनुभवी डेव्हलपर घ्यायचा असतो तेव्हा नवख्यांच्या भरतीचीच पद्धत उचलली जाते आणि तिच्यातले आकडे तेवढे वाढवले जातात. दोन वर्षांच्या जागी आठ वर्षं, कोडी थोडी अवघड, मुलाखतीच्या फेऱ्या दोन जास्त. जागा मग महिनोन्‌महिने रिकामी राहते आणि 'बाजारात चांगली माणसंच नाहीत' असं सगळे म्हणू लागतात. माणसं असतात. ती कुठेतरी नोकरीत असतात, कामात गुंतलेली असतात आणि त्यांनी नोकरी बदलायची ठरवली की जुना सहकारी किंवा जुना मॅनेजर त्यांना आधी गाठतो. तुमच्या जाहिरातीपर्यंत ती पोचतच नाहीत.

नवख्याला घेताना आपण त्याची शिकण्याची तयारी बघतो. अनुभवी माणसाला पगार देतो तो त्याच्या निर्णयशक्तीसाठी: कोणतं काम आत्ता करायचंच नाही, कोणता शॉर्टकट चालेल आणि कोणता वर्षभराने गळ्याशी येईल, हे त्याला कळावं म्हणून. भरतीची प्रत्येक पायरी या एका गोष्टीचा अंदाज येण्यासाठी आखायला हवी. शिवाय तो तुमची परीक्षा घेत असतो, हेही पहिल्यापासून लक्षात ठेवा. त्याच्याकडे पर्याय आहेत.

पायरी १: आधी काम लिहून काढा

जाहिरातीला हात लावण्यापूर्वी एका कोऱ्या पानावर लिहा: हा माणूस आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय बदललेलं असेल? 'बॅकएंड सांभाळेल' हे उत्तर नाही. 'नवं कोड लाइव्ह करणं (डिप्लॉयमेंट) आज हाताने होतं, ते आपोआप होईल', 'रिपोर्ट काढताना डेटाबेस अडकतो, ते थांबेल', 'दोन ज्युनिअर मुलांचं कोड कोणी तपासत नाही, ते तो तपासेल' ही उत्तरं आहेत. त्याखाली दुसरा प्रश्न लिहा: कोणते निर्णय तो कोणालाही न विचारता घेऊ शकेल? इथे पान कोरं राहत असेल तर तुम्हाला कदाचित अनुभवी माणूस नको आहे, सांगितलेलं काम नीट करणारा माणूस हवा आहे. तो लवकर मिळतो आणि खर्चही कमी येतो. वाईट त्यात काहीच नाही, पण हे आधी ठरवा.

प्रोजेक्ट आधीच रखडलंय म्हणून सीनिअर माणूस शोधत असाल तर जरा थांबा. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की ते आणखी लांबतं, असं फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. नव्या माणसाला सगळं समजावून सांगण्यात जुन्यांचाच वेळ जातो. पुढच्या महिन्याची डेडलाइन गाठायला ही भरती कामाची नाही.

आता वर्षांच्या अटीबद्दल. फास्टएपीआय हे फ्रेमवर्क (प्रोग्राम लिहिण्यासाठीचा तयार सांगाडा) बनवणारे सेबास्टियन रामिरेझ यांनी २०२० मध्ये एका जाहिरातीबद्दल लिहिलं होतं. तिच्यात फास्टएपीआयचा चार वर्षांहून जास्त अनुभव मागितला होता. फ्रेमवर्क तयार होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं, म्हणजे स्वतः ते त्या नोकरीला अपात्र. अशी अट वाचणाऱ्या अनुभवी डेव्हलपरला लगेच कळतं की ही जाहिरात लिहिणाऱ्याला काम ठाऊक नाही. मुळात नोकरीत घालवलेली वर्षं आणि कामाचा दर्जा यांचं नातं कर्मचारी-निवडीवरच्या संशोधनात फार कमजोर निघालेलं आहे. कोणी दहा वर्षांत दहा वेगवेगळ्या अडचणी सोडवलेल्या असतात, कोणी एकच वर्ष दहा वेळा काढलेलं असतं.

पायरी २: जाहिरातीत खरं लिहा

अनुभवी माणूस जाहिरातीत तीन गोष्टी आधी शोधतो: काम नेमकं काय, पगार किती आणि घरून काम, कामाचे तास, रात्री-अपरात्री येणारे ऑन-कॉल फोन यांचं काय. पगाराचा पट्टा लिहा. 'अनुभवानुसार आकर्षक वेतन' या शब्दांतून कोणालाच काही कळत नाही आणि चार फेऱ्यांनंतर आकडा जुळला नाही तर दोन्ही बाजूंचे आठवडे वाया जातात.

अटी तीन-चारच ठेवा. पंधरा तंत्रज्ञानांची यादी दिली की प्रामाणिक माणूस 'यातली चार मला येत नाहीत' म्हणून अर्जच करत नाही, आणि ज्याने प्रत्येक गोष्टीला फक्त हात लावलाय तो बिनधास्त करतो. जो पायथन या भाषेत चांगलं कोड लिहितो तो थोड्या आठवड्यांत गो ही दुसरी भाषा शिकेल. लाइव्ह सिस्टीम बंद न पाडता डेटाबेस कसा बदलायचा हे मात्र आठवड्यांत शिकता येत नाही. अट कशाची घालायची हे यावरून ठरवा.

कोडची अवस्था वाईट असेल तर तसं सांगा. 'सात वर्षं जुना कोडबेस आहे, कोड तपासणाऱ्या टेस्ट जवळपास नाहीत, पहिलं वर्ष यात सुधारणा करण्यात जाईल आणि त्यासाठी वेळ राखून ठेवलेला आहे' हे वाचून काही जण निघून जातील. पण असंच काम आवडणारेही असतात, आणि ते याच ओळीमुळे थांबतील. लपवलंत तर आलेला माणूस दोन महिन्यांत ते स्वतः बघेल आणि मग तुमच्या इतर बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाही.

पायरी ३: स्वतः शोधायला बाहेर पडा

जाहिरात टाकून वाट बघणं पुरत नाही. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ओळखी. टीममधल्या प्रत्येकासोबत अर्धा तास बसा आणि विचारा, 'आजवर ज्यांच्याबरोबर काम केलंस त्यांतला कोण इथे आला तर तुला आनंद होईल?' 'कोणी ओळखीचं आहे का?' असं विचारलं तर 'नाही' येतं, पहिल्यासारखं विचारलं तर नावं येतात. फक्त ओळखींवरच विसंबलात तर सगळे एकाच साच्याचे जमतात, म्हणून बाहेरही बघा: तुम्ही वापरता त्या ओपन सोर्स (सगळ्यांना खुलं कोड असलेल्या) प्रकल्पांत कोण दुरुस्त्या पाठवतं, तांत्रिक संमेलनांत कोण बोलतं, तुमच्यासारख्याच अडचणीवर कोणी लेख लिहिलाय.

निरोप पाठवताना तो त्याच माणसासाठी लिहा. लिंक्डइनवर अनुभवी लोकांना रोज असे निरोप येतात: 'नमस्कार, आपली प्रोफाइल पाहून प्रभावित झालो, आमच्याकडे एक उत्तम संधी आहे.' ते न वाचताच बाजूला पडतात. त्याऐवजी असं लिहा: 'तुम्ही सर्व्हरवरच्या कामांची रांग (क्यू) भरून वाहू लागल्यावर काय करावं यावर केलेलं भाषण ऐकलं. आमच्याकडे हीच अडचण महिन्यातून दोनदा येते. ती सोडवायला माणूस शोधतोय. टीम सहा जणांची, काम पूर्ण रिमोट, पगाराचा पट्टा सोबत दिलाय. वीस मिनिटं बोलता येईल का? आत्ता नोकरी बदलायची नसेल तरी चालेल.' उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून द्या, मग सोडून द्या. आज 'नको' म्हणणारा वर्षभराने स्वतःहून विचारतो, असं होतं, म्हणून बोलणं नीट संपवा.

गिटहबवर (डेव्हलपर आपलं कोड जिथे ठेवतात त्या साइटवर) काही दिसत नाही म्हणून कोणाला बाद करू नका. बहुतेक अनुभवी लोकांचं सगळं कोड कंपन्यांच्या बंद भांडारांत असतं आणि संध्याकाळी त्यांना मुलं, आईवडील किंवा इतर आयुष्य असतं.

पायरी ४: सीव्ही आणि पहिला फोन

सीव्ही चाळणं सॉफ्टवेअरवर सोपवू नका, निदान या जागेसाठी तरी. ठरावीक शब्द शोधणारी चाळणी 'पोस्टग्रेस' लिहिणाऱ्याला 'पोस्टग्रेएसक्यूएल' नाही म्हणून बाहेर ठेवते, ही एकाच डेटाबेसची दोन नावं असली तरी. मधल्या काळात नोकरी नसणं हा दोष मानू नका. त्यामागचं कारण जाणून घ्यावंसं वाटलं तर सरळ विचारा. बघायचं ते हे, की माणूस एखाद्या जागी स्वतःच्या निर्णयांचे परिणाम दिसेपर्यंत टिकलाय का. दर वर्षी नोकरी बदलणाऱ्याने कदाचित उत्तम सिस्टीम उभ्या केल्या असतील, पण त्या दोन वर्षांनी कशा चालल्या हे त्याने पाहिलेलं नसतं.

पहिला फोन अर्ध्या तासाचा, आणि त्यात निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही बोला: काम काय, अडचणी काय, पैसा कुठून येतो, पुढच्या फेऱ्या किती आणि निर्णय कधी. पगाराचा विषय इथेच मोकळेपणाने काढा. शक्य असेल तर हा फोन ज्याच्या हाताखाली तो काम करणार त्यानेच करावा.

पायरी ५: तांत्रिक मुलाखत

सगळ्यात जास्त चांगली माणसं इथेच हातातून जातात, म्हणून इथे जरा थांबूया.

रूढ पद्धत अशी: समोर फळा किंवा रिकामी स्क्रीन, एखादं अल्गोरिदमचं कोडं, शेजारी बसून बघणारे दोघे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी मुलाखतकारासमोर फळ्यावर बोलत बोलत उत्तर सोडवलं, काहींनी तसाच प्रश्न बंद खोलीत एकट्याने. समोर कोणी बसलेलं असताना कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. म्हणजे त्या पद्धतीत बरंचसं माप ताणाचंच निघतं. होमब्रू हे मॅकवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं साधन लिहिणारे मॅक्स हॉवेल यांनाही एका बड्या कंपनीने नाकारलं होतं आणि त्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलेलं कारण होतं फळ्यावर बायनरी ट्री (डेटाची झाडासारखी रचना) उलटा न करता येणं. 'विमानात किती गोल्फ बॉल मावतील' छापाची कोडी तर गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनीच २०१३ मध्ये निव्वळ वेळेचा अपव्यय ठरवली.

मग काय चालतं? पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या वेगवेगळ्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांची फेरमोजणी केली. पुढे कोण चांगलं काम करेल याचा अंदाज बांधण्यात आखीव मुलाखत पहिल्या क्रमांकावर आली. आखीव म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, उत्तराला गुण कसे द्यायचे हे आधी ठरलेलं. प्रत्यक्ष कामाचा छोटा नमुना करून घेणं हीदेखील वरच्या रांगेतली पद्धत आहे. मी या दोन्हींची जोडी वापरायला सांगेन.

पहिला भाग, कोड वाचणं. सीनिअर माणसाचा बराच वेळ दुसऱ्याचं कोड वाचण्यात जातो, मग परीक्षाही त्याचीच घ्या. शंभर-दीडशे ओळींचा, तुमच्या कामाशी मिळताजुळता बदल तयार करा आणि म्हणा, 'हा सहकाऱ्याने तपासायला पाठवलाय, काय सांगाल?' समजा त्यात पैसे कापण्याची विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे जाते आणि टाइमआउट आला (ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही) की तीच विनंती तीनदा परत पाठवली जाते. कमी अनुभवाचा माणूस व्हेरिएबलची नावं, लांबलेलं फंक्शन, नसलेल्या टेस्ट दाखवतो. ते बरोबरच आहे. मुरलेला माणूस त्या तीनवर थांबतो आणि विचारतो, 'टाइमआउट आला म्हणजे पैसे कापले गेले नाहीत, असं कशावरून धरलंय?' समोरच्याने पैसे कापले असतील आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल, तर ग्राहकाचे पैसे दोनदा जातील. मग तो म्हणतो की प्रत्येक व्यवहाराला एक ओळख क्रमांक द्या, परत पाठवताना तोच वापरा, म्हणजे समोरचा दुसरी विनंती ओळखून सोडून देईल. त्यापुढे जाऊन तो विचारतो, 'हे लिहिणारा नवीन आहे का? मग टिप्पणीत लिहिण्याऐवजी मी त्याच्याशी बोलेन.' या अर्ध्या तासात तुम्हाला त्याची नजर कळते, बोलण्याची पद्धत कळते आणि तो ज्युनिअरना कसं वागवेल याचा अंदाजही येतो.

दुसरा भाग, जुन्या कामाचा एकच किस्सा घेऊन खोल जाणं. समजा तो म्हणाला, 'आम्ही मोनोलिथ फोडून मायक्रोसर्व्हिसेस केल्या.' म्हणजे एकाच मोठ्या प्रोग्रामचे छोटे, स्वतंत्र भाग केले. आता खणायला लागा. फोडायचं का ठरलं? विरोधात कोण होतं, त्यांचं म्हणणं काय होतं? यात तुमच्या हातचं नेमकं काय होतं? पहिलं काय मोडलं? कोणता भाग वेगळा करायचा नाही असं ठरवलंत? आज परत करायचं झालं तर? खरं काम केलेला माणूस तपशिलात शिरतो: 'ऑर्डर आणि साठा वेगळे केले, पण आधी दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही असे, लिहिले जायचे. मग दोन्हीकडचे आकडे जुळेनात. शेवटी रात्री तफावत शोधणारा, आपोआप चालणारा प्रोग्राम लिहावा लागला. आता करायचं झालं तर मी साठा वेगळा करणारच नाही.' ज्याने ते फक्त लांबून पाहिलंय तो तिसऱ्या प्रश्नाला पुस्तकी फायद्यांवर येतो. 'आम्ही' म्हणणाऱ्याला लगेच खोटं समजू नका. टीममध्ये वाढलेले लोक तसंच बोलतात, तुम्ही फक्त 'त्यातलं तुमचं काय?' असं नीट विचारा.

घरी करायचं असाइनमेंट द्यायचंच असेल तर दोन तासांत संपेल एवढंच द्या, शक्य असेल तर त्याचे पैसे द्या, आणि तुमच्या प्रॉडक्टचं फुकटचं काम त्यात घुसवू नका. पूर्ण शनिवार-रविवार मागणाऱ्या असाइनमेंटला सगळ्यात आधी नकार देतात ते ज्यांच्याकडे इतर पर्याय आहेत ते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून अशा असाइनमेंटचं उत्तर कोणीही मिनिटांत तयार करू शकतं. म्हणून एआय वापरायला बंदी घालत बसण्यापेक्षा वापरू द्या आणि नंतर समोर बसून त्या कोडवर चर्चा करा: हे असं का, दहापट डेटा आला तर काय होईल, या साधनाने दिलेलं काय तुम्ही फेकून दिलंत. स्वतः विचार न करता उचललेलं उत्तर या चर्चेत टिकत नाही.

तुम्ही स्वतः तांत्रिक नसाल तर ही पायरी अंदाजाने करू नका. विश्वासातला एखादा अनुभवी डेव्हलपर काही तासांसाठी रीतसर मानधन देऊन बसवा. चुकीच्या नेमणुकीने जे नुकसान होतं त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

पायरी ६: निर्णय

प्रत्येक मुलाखतकाराने आपलं मत इतरांशी बोलण्याआधी लिहून द्यायचं. हा नियम साधा आहे आणि मी त्याच्याबाबत फार आग्रही आहे, कारण एकदा वरिष्ठ माणूस 'मला नाही पटला' म्हणाला की उरलेल्यांची मतं त्याच बाजूला सरकतात. 'आपल्यात बसणार नाही' असं कोणी म्हटलं तर विचारा, म्हणजे नेमकं काय? 'टेस्टबद्दल बोलताना तो ज्युनिअरला तोडून बोलला' हे कारण आहे. 'गप्पा रंगल्या नाहीत' हे कारण नाही.

उमेदवाराच्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलताना 'कसा होता?' विचारलं की 'छान होता' मिळतं. 'कोणत्या कामासाठी त्याला आधी बोलवाल आणि कोणत्या कामासाठी दुसऱ्या कोणाला?' असं विचारा. आणि उमेदवाराला न सांगता त्याच्या सध्याच्या ऑफिसात कधीही फोन करू नका, त्याची चालू नोकरी धोक्यात येऊ शकते.

पायरी ७: ऑफर आणि मधला काळ

पहिल्या फोनपासून ऑफरपर्यंत दोन-तीन आठवडे पुरेत. एवढ्या वेळात त्याच्याशी इतरही बोलत असतात. ऑफर फोनवर सांगा, मग लगेच लेखी द्या. आकडा ठरवताना टीममधल्या जुन्या लोकांचे पगारही समोर ठेवा. नवीन माणूस त्यांच्यापेक्षा बराच वर जात असेल तर ती तफावत आधी मिटवा. नाहीतर एक येईल आणि दोन जातील.

होकार आला म्हणजे माणूस आला असं नाही. राजीनामा दिल्यावर जुनी कंपनी काउंटर ऑफर देते. यावर ऑफर देतानाच बोला: 'त्यांनी पगार वाढवला तर काय कराल?' इथे येण्यामागे त्याचं खरं कारण पैशापलीकडचं असेल तर ते त्याच्याच तोंडून आलेलं बरं. नोटिस पिरियड मोठा असेल तर त्या काळात गप्प बसू नका. आठवड्याला एखादा फोन, टीमशी ओळख, आखलेल्या कामाबद्दल त्याचं मत. जुन्या नोकरीतली गुपितं मात्र विचारायची नाहीत.

पायरी ८: पहिले तीन महिने

रुजू होण्याच्या आदल्या दिवशी लॅपटॉप, अकाउंट, परवानग्या तयार ठेवा. पहिल्याच आठवड्यात एक छोटा बदल लाइव्ह जाऊ द्या. त्यातून त्याला तुमची सगळी साखळी कळते आणि ती कुठे तुटकी आहे तेही. पहिल्या महिन्यात त्याने प्रश्न जास्त विचारावेत आणि बदल कमी सुचवावेत अशी अपेक्षा ठेवा. आल्या आल्या सगळं नव्याने लिहायला निघालेल्या माणसाला जरा आवरा, आधी जुनं तसं का लिहिलं गेलं हे शोधायला सांगा.

दुसऱ्या महिन्यात पायरी १ मधलं पान काढा आणि जे निर्णय त्याचे म्हणून लिहिले होते ते खरोखर त्याच्या हाती द्या. इथे मालकांचा आणि जुन्या लीडचा हात आखडतो. प्रत्येक गोष्टीला मंजुरी लागते हे दिसलं की अनुभवी माणूस वाद घालत बसत नाही, शांतपणे दुसरीकडे बोलणी सुरू करतो. तिसऱ्या महिन्याअखेर त्याच्यासोबत बसून तेच पान पुन्हा वाचा: काय झालं, काय अडलं, काय चुकीचं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात, ज्यांनी तुमची ऑफर नाकारली होती त्यांनाही एक छोटा ईमेल पाठवून कारण विचारा. पुढच्या जागेची जाहिरात लिहिताना ही उत्तरं समोर ठेवा.